पाठीवरचं घड्याळ

१

सकाळी पावणेआठला घड्याळबाई हॉस्पिटलच्या मागच्या दाराने आत येत. एकवीस वर्षांत यात फरक पडला नव्हता. दारावरचा पहारेकरी त्यांना पाहून मनगटावरच्या घड्याळाचे काटे जुळवल्याचं नाटक करी आणि म्हणे, "बाई, आज अर्धं मिनिट उशीर. तब्येत बरी आहे ना?" त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांसाठी त्या घड्याळबाईच.

तळमजल्यावर डाव्या हाताला कपडे बदलायची खोली होती. लांबट, एका भिंतीला लोखंडी कपाटं, दुसरीला लाकडी बाक, आणि टोकाला एक आरसा. साथीच्या दिवसांत फरशीवर लाल पट्टी मारली होती. पट्टीच्या अलीकडे घरचे कपडे, पलीकडे अंगभर चढवायचं संरक्षक किट. साथ ओसरून तीन वर्षं झाली, पट्टी निम्मी झिजली, तरी घड्याळबाई ती ओलांडताना क्षणभर थांबत. देवळाचा उंबरठा ओलांडताना माणूस थांबतो तशा.

त्या दिवशी त्यांनी पांढरा कोट चढवला, केस आवळून बांधले, पेन खिशात अडकवलं आणि त्या वॉर्डात गेल्या. दोन खाटांची औषधं देऊन झाली असतील, तेवढ्यात मागून नवी सिस्टर म्हणाली, "ताई, कुठे टेकला होतात? पाठीला निळं लागलंय."

नवी सिस्टर साथीनंतर लागलेली. तिला त्या दिवसांतलं काही ठाऊक नव्हतं.

"कुठे?"

"बरोब्बर मधोमध. गोल आहे. ओली बशी ठेवल्यासारखं."

घड्याळबाईंनी कोट काढून टेबलावर पसरला. बशी नव्हती ती. हाताने काढलेलं वर्तुळ होतं, जाड निळ्या मार्करचं. रेघ जिथून सुरू झाली तिथे येऊन थांबायच्या ऐवजी बोटभर पुढे गेली होती. काढणाऱ्याला हात वेळेत उचलायची सवय नसावी.

त्यांनी कोटाची घडी घातली, निळं आतल्या बाजूला जाईल अशी.

"स्पिरिटने निघेल बघा," नवी सिस्टर म्हणाली.

"हो, निघेल की."

पण घरी जाऊन त्यांनी त्याला स्पिरिट लावलं नाही. का लावलं नाही, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. तो कोट त्यांनी कपाटात तळाशी ठेवला आणि दुसरा इस्त्रीला काढला.

२

ते दिवस वाईट होते, यात वाद नाही. पण घड्याळबाईंना ते आठवत तेव्हा आधी वाईट आठवत नसे. आधी आठवे ती ही खोली, आणि तिच्यातला गलका.

किट चढवलं की माणूस माणूस राहत नसे. डोळ्यांवर गॉगल, त्याच्यावर वाफ, तोंडावर दोन मास्क, डोक्यापासून पायापर्यंत पांढरं प्लास्टिक. डॉक्टर कोण, सिस्टर कोण, झाडूवाल्या मावशी कोण, काही कळत नसे. म्हणून पाठीवर नाव लिहायचं. आपल्या पाठीवर आपल्याला लिहिता येत नाही, तेव्हा दुसऱ्याने लिहायचं. आणि लिहिणाऱ्यानेच मागची शिवण बघायची, कुठे फाटलंय का, चिकटपट्टी नीट बसलीय का. याला सगळे 'पाठ बघणं' म्हणत. "माझी पाठ कोण बघतंय?" हा सकाळचा पहिला ओरडा. पाठ बघितल्याशिवाय लाल पट्टीपलीकडच्या दाराला हात लावायचा नाही.

घड्याळबाईंची पाठ चिमणी बघे. चिमणी म्हणजे त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान सिस्टर. अंगाने एवढीशी, सगळ्यात लहान मापाचं किटही तिला गुडघ्यात दुमडावं लागे. तोंड मात्र सतत चालू.

"नाव लिहायला वेळ कोणाला आहे, घड्याळबाई? हलू नका, चित्र काढते."

ती गोल काढी, आत दोन काटे. काटे नेहमी दोनावर, कारण ड्युटी आठ ते दोन. "म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्याला कळेल, सुटका किती वाजता आहे ते." प्लास्टिकवर मार्कर किर्र वाजे. ते टोक पाठीवरून फिरताना घड्याळबाईंच्या मानेवर काटा येई आणि हसूही येई.

मग चिमणी वळे आणि घड्याळबाई तिच्या पाठीवर चिमणी काढत. त्यांना चित्रकला शून्य. एक पंख कायम आखूड होई.

"आजपण लंगडीच काढलीत ना?"

"पंखाने लंगडं कसं होईल गं?"

"तुम्ही काढलं की होतं."

मनगटावर चिकटपट्टी गुंडाळायची, तेव्हा चिमणी तिचं टोक आठवणीने आतल्या आत दुमडून ठेवी. दमल्या हातांनी सहा तासांनी पट्टी सोलायची, तर टोक सापडायला हवं. हे तिच्याशिवाय कोणाला सुचलं नव्हतं.

बाहेरचं जग तेव्हा असं होतं: घड्याळबाईंच्या इमारतीतले लोक त्यांना बघून जिन्यातच उलटे फिरत. दूधवाला पिशवी खालीच ठेवून पळे. चिमणीला तर घरमालकिणीने सामान बाहेर काढून दिलं होतं. पुढे चार महिने ती हॉस्पिटलच्याच वसतिगृहात राहिली. "बरं झालं," ती म्हणाली होती, "तिचा नळ गळायचा." जगात एकच खोली अशी होती, जिथे कोणी त्यांच्यापासून लांब सरकत नसे. उलट म्हणे, जवळ ये, पाठ कर.

फक्त एका आठवड्यात चिमणीने काटे काढले नव्हते. खाटा संपल्या होत्या, प्राणवायू संपत होता, बदली माणसं आजारी पडली होती. तिने गोल काढला आणि मार्कर खाली घेतला.

"काटे?" घड्याळबाईंनी विचारलं.

"आज काटे नाहीत," ती म्हणाली. "आज सुटका नाही."

३

दुसरं वर्तुळ चार दिवसांनी आलं.

घड्याळबाई काही उगीच घाबरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पद्धतशीर विचार केला. एक, कोणीतरी मस्करी करत असेल. पण चिमणीचं चित्र आठवणारी माणसं आता उरली होती किती? बदल्या झाल्या, काही निवृत्त झाले, काही हे काम सोडून गेले. दोन, बाकाच्या पाठीला रंग लागला असेल. त्यांनी ओल्या फडक्याने बाक पुसला. फडकं स्वच्छ निघालं. तीन, कोट आधीपासूनच डागाळलेला असेल.

म्हणून तिसऱ्या खेपेला त्यांनी कोट घरीच उजेडात धरून बघितला. नवऱ्यालाही दाखवला.

"काही दिसतंय का पाठीवर?"

"इस्त्री बरी झालीय," तो पेपरातून मान वर न करता म्हणाला.

"नीट बघा हो."

त्याने चष्मा लावून बघितलं. "काही नाही. का गं? झोप लागत नाही का परत?"

"लागते की."

कोट त्यांनी पिशवीत घालून नेला. खोलीत तेव्हा तीन-चार जणी होत्या. सकाळचं ऊन वरच्या झरोक्यातून कपाटांवर पडलेलं. कोणी केस विंचरत होती, कोणी फोनवर मुलाला डबा कुठे आहे ते सांगत होती. घड्याळबाईंनी कोट चढवला आणि मुद्दाम सगळ्यांकडे तोंड करून, पाठ भिंतीकडे ठेवून उभ्या राहिल्या. मागे दोन हातांचं अंतर, मग भिंत.

किर्र.

आवाज बारीक होता. आधी त्यांना वाटलं, कोणाच्या कपाटाचं दार. मग ते टोक त्यांना जाणवलं, दोन खांद्यांच्या मधे, सावकाश डावीकडून वर, उजवीकडून खाली, आणि सुरुवातीला येऊन बोटभर पुढे. मानेवर काटा आला. ओठ आपोआप हसण्यासारखे ताणले गेले. शरीराला जुनी सवय होती.

टोक उचललं गेलं. काटे काढले गेले नाहीत.

त्या तशाच उभ्या राहिल्या. समोरची फोनवर अजून डब्याचंच सांगत होती. आणि मग त्यांच्या मनात एक साधी गोष्ट आली. अंगात सुती कोट होता. सुती कापडावर मार्कर वाजत नाही. वाजतो तो प्लास्टिकवर.

४

साथ ओसरली, किटं गेली, वर्तमानपत्रांतलं कौतुकही संपलं. मार्कर मात्र आरशाजवळच्या खिळ्याला दोरीने लटकत राहिला. चिमणी सकाळी येई, मार्कर हातात घेई आणि म्हणे, "वळा, पाठ बघते."

पहिले काही दिवस सगळे हसले. मग हसायचे थांबले. तिचे हात थरथरू लागले होते. वॉर्डात ती रिकाम्या खाटांजवळही थांबे, पांघरूण नीट करी. एकदा औषध देताना मधेच रडली. रुग्णाच्या मुलीने तक्रार केली. मेट्रनबाईंनी तिला नऊ नंबरमध्ये पाठवलं.

पहिल्या मजल्यावरची नऊ नंबरची खोली म्हणजे मनाच्या डॉक्टरीणबाईंची. वेळ अकरा ते एक. दार थेट मुख्य बोळात उघडणारं, बाहेर दोन खुर्च्या. तिथे कोण बसलंय ते कँटीनपर्यंत पोचायला दहा मिनिटं पुरत. चिमणी तिथे तीनदा बसली आणि 'नऊ नंबरची' झाली. बाहेरचे लोक आपल्याला बघून जिन्यातून उलटे फिरतात म्हणून जे डोळ्यांतून पाणी काढत होते, तेच आता तिला बघून बाकावर सरकून बसू लागले. तिची बदली कपड्यांच्या कोठारात झाली, चादरी मोजायला.

घड्याळबाई तिच्याशी वाईट वागल्या नाहीत. हे त्यांनी स्वतःला पुष्कळदा सांगितलं होतं. त्या फक्त थोड्या लवकर येऊ लागल्या; चिमणी येण्याआधी कोट घालून निघून जाता येईल इतक्या लवकर.

मग एक सकाळ आली. खोलीच्या दारात पाच-सात जण उभे होते. आत, बाकावर, चिमणी बसली होती. अंगात पूर्ण किट. गॉगल, मास्क, टोपी, मनगटाला पट्टी. कोठारात उरलेलं कुठलं तरी काढून घातलेलं. साथ संपून वर्ष झालं होतं. मार्कर तिने मांडीवर दोन्ही हातांत धरला होता.

"कोणीतरी माझी पाठ बघा ना," ती म्हणाली. मास्कमागून आवाज लांबून आल्यासारखा. "उशीर होतोय."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. कोणी म्हणालं, "मेट्रनना बोलवा."

वाफेमागे चिमणीचे डोळे फिरत फिरत घड्याळबाईंवर येऊन थांबले. "घड्याळबाई आल्या," ती म्हणाली. केवढ्या विश्वासाने म्हणाली! आणि ती उठून वळली. तिची पाठ कोरी होती.

दारापासून बाकापर्यंत सात पावलं असतील. घड्याळबाईंनी हाताला घड्याळ असूनही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, "माझी औषधांची वेळ झाली," असं कोणाला तरी सांगितलं आणि त्या निघून गेल्या.

चिमणीला तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. दोन महिन्यांनी ती गेल्याचं कळलं. कशाने, ते कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

५

मेट्रनबाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. जागा घड्याळबाईंची, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

"एवढा फॉर्म भरा," मेट्रनबाईंनी कागद पुढे सरकवला. "रक्तदाब, साखर वगैरे. आणि हे शेवटचं."

शेवटचं असं होतं: गेल्या वर्षभरात झोप न लागणे, भास, भीती यांपैकी काही त्रास? होय. नाही.

"'नाही'वर खूण करायची," मेट्रनबाई म्हणाल्या. "सगळ्याच करतात. मी पण केली होती."

"खोटी?"

मेट्रनबाईंनी टेबलावरची फुलदाणी उगाच इकडची तिकडे केली. "मला अजून मॉनिटरची शिटी ऐकू येते. अंघोळ करताना. पण ते काय कागदावर लिहायचं असतं का? चिमणीने सांगितलं. काय झालं तिचं? तुम्ही शहाण्या आहात. उद्या आणून द्या."

घड्याळबाईंनी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली.

"आणि हो, उद्या दुपारी ती खालची खोली पाडायला घेतायत. लिफ्ट येणार तिथे. कपाटातलं सामान काढून घ्या."

६

दुसऱ्या दिवशी अकराला घड्याळबाई खाली गेल्या. सकाळची गर्दी केव्हाच पांगली होती. कपाटं उघडी, रिकामी. कोणाचा तरी कंगवा, एक सुटी चप्पल, तारखा संपलेलं कॅलेंडर. आरसा अजून काढला नव्हता. त्याच्या शेजारी खिळा, खिळ्याला दोरी. दोरीच्या टोकाला काही नव्हतं.

ऊन नेहमीच्या जागी होतं. बाकावर हात ठेवला तर लाकूड कोमट लागलं, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखं. उन्हानेच तापलं असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. पण ऊन समोरच्या कपाटांवर होतं. बाक सावलीत होता.

त्यांना भीती वाटत होती. आणि त्याच वेळी घरच्यासारखंही वाटत होतं. जंतुनाशकाचा तो वास. बाकावर ठेवलेले डबे. "लंगडीच काढलीत ना?"

त्या लाल पट्टीपाशी गेल्या, आधी थांबल्या, मग ओलांडली. आरशाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पाठ मोकळ्या खोलीकडे.

"काटे काढ गं," त्या म्हणाल्या. "काटे काढायचे राहिलेत."

खूप वेळ काही झालं नाही. लांबून कुठून तरी स्ट्रेचरची चाकं ऐकू आली आणि गेली. मग मागे, बाकाच्या बाजूने, प्लास्टिक सळसळलं. गुडघ्यात दुमडलेलं किट घालून बारीक माणूस उठतं तसं. एक पाऊल. थांबणं. दुसरं.

वळून बघायचं नाही, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण पाठ बघून घेताना वळायचं नसतं.

किर्र. गोल, बोटभर पुढे. मग टोक उचललं. घड्याळबाईंनी श्वास धरला. टोक मधोमध परत टेकलं आणि एक आखूड रेघ ओढली गेली. जरा थांबून दुसरी, लांब.

त्यांनी डोळे वर केले. आरशात त्या स्वतः होत्या, पांढऱ्याफटक. आणि त्यांच्या खांद्याआड, खाली जाताना, मनगटाएवढंच काहीतरी दिसलं: पांढरी बाही, तिच्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे, आणि पट्टीचं टोक आतल्या आत दुमडलेलं.

तेवढंच.

त्यांच्या खिशात वॉर्डातला मार्कर होता, सलाईनच्या बाटल्यांवर खुणा करायचा. टोपण काढताना दोनदा हातातून निसटला.

"आता तू वळ," त्या म्हणाल्या. "तुझी पाठ बघते."

सळसळ झाली. मग शांत.

घड्याळबाईंनी डोळे घट्ट मिटले, वळल्या, आणि चिमणीच्या उंचीचा अंदाज घेऊन हात पुढे केला. हात हवेत सरळ होणार, तोल जाणार, अशी त्यांच्या मनाची तयारी होती. तसं झालं तर त्या फॉर्मवर 'नाही' लिहून मोकळ्या होणार होत्या.

मार्करचं टोक टेकलं. मऊ, ताणलेल्या, जराशा मागे दबणाऱ्या कशावर तरी. ते हळूहळू वरखाली होत होतं.

त्यांनी चोच काढली. पोट काढलं, शेपूट काढली. एक पंख, मग दुसरा. मग तळहाताने वरपासून खालपर्यंत शिवण चाचपली, एकदा सोडून दोनदा, आणि म्हणाल्या, "कुठे फाटलं नाहीये. जा."

७

पहिल्या मजल्यावरच्या बोळात वर्दळ होती. कँटीनचा माणूस चहाची किटली घेऊन चालला होता, दोन वॉर्डबॉय खिडकीत टेकून गप्पा मारत होते. नऊ नंबरबाहेरच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. घड्याळबाई त्यातल्या एकीवर बसल्या. किटलीवाल्याची चाल मंदावली. वॉर्डबॉय बोलायचे थांबले.

त्यांनी फॉर्म मांडीवर उलगडला, त्याच मार्करने 'होय'वर खूण केली. जाड निळी खूण कागदाच्या मागच्या बाजूलाही उमटली.

नवी सिस्टर फाईल घेऊन धावत येत होती, त्यांना तिथे पाहून थबकली. "ताई? तुम्ही इथे?"

"माझा नंबर आहे." त्या उठल्या आणि दाराकडे वळल्या. "आणि एक काम कर. माझ्या पाठीवर बघ."

"अय्या, परत लागलंय! थांबा, फडकं..."

"राहू दे. काटे आहेत का?"

"काटे? हो, आहेत की. घड्याळच काढलंय कोणी तरी."

"किती वाजलेत?"

नवी सिस्टर जवळ आली. पार जवळ; तिचा श्वास मानेला लागला. "दोन," ती म्हणाली.

"मग बरंय," घड्याळबाई म्हणाल्या. "दोनला सुटी."

बोळाच्या टोकाला, जिथून पूर्वी साथीच्या वॉर्डात जायचा रस्ता होता, झुलतं दार नुकतंच कोणी तरी ढकलून गेल्यासारखं हलत होतं. दाराच्या चौकोनी काचेपलीकडे काहीतरी पांढरं, लहानसं, पाठमोरं, लांब जात होतं. पाठीवर निळं काही. घड्याळबाईंनी डोळे बारीक केले.

एक पंख आखूड झाला होता.

दार झुलायचं थांबलं. त्यांनी नऊ नंबरवर टकटक केली.